आंगनात आठ गाड्या, ठेवाव्या कोणत्या अन् इकाव्या कोणत्या?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात, १४ एकर वावर, अर्ध्यात कपाशी अन् तूर, अर्ध्यात सोयाबीन. मागच्या पोळ्याच्या आधी बाबा वारले. आता घरी गाड्यायचा बाजार भरला हाये. ४५ एचपीचा मोठा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट, एक मिनी ट्रॅक्टर, बाबाची २००४ ची मारुती ८००, २००९ ची बोलेरो, छोटा हत्ती ज्याचा हप्ता अजून चालू हाये, माही स्प्लेंडर, बायकोची स्कूटी अन् बाबाची एम-८०. वरून बैलजोडी अन् बंडी ते वेगळंच. टिनाच्या शेडमंदी दोनच गाड्या मावते, बाकी निंबाखाली उभ्या. हप्ता, विमा, डिझेल, टायर यातच कापसाचा पैसा जाते. बायको म्हणते अर्ध्या इका, लहान भाऊ पुण्याले हाये तो म्हणते बाबाच्या गाडीले हात लावायचा नाही, आई काहीच बोलत नाही. गिऱ्हाईक रोज येते पण मले ठरवताच येत नाही. कोणती ठेवू अन् कोणती इकू?

उत्तर : दादा, गिऱ्हाईक दारात आलं म्हणून गाडी विकायची नसते, त्याला चहा पाजा आणि महिन्याभरानं ये म्हणा. तुमच्या पत्रात कोणती गाडी कोणाची हे आहे, काहींचं सालही आहे, पण कोणती गाडी काय काम करते हे एकाही गाडीबद्दल लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथंच अडलेलं दिसते.

वहीचं एक पान घ्या अन् जून ते मे असे बारा महिने लिहा. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये डवरणी, निंदण, फवारणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी अन् मळणी, दिवाळीपासून कापूस वेचणी, मग तूर, हरभरा, अन् उन्हाळ्यात लग्न. प्रत्येक महिन्यासमोर एवढंच लिहा की ही गाडी उद्या नसली तर घरात कोणाचं काय अडते आणि त्याला दुसरा इलाज काय. किती पैसे येतील हे सध्या पाहूच नका. किमतीवरून ठरवायला बसलं की माणूस ज्या गाडीला भाव आहे तीच पहिले विकते, म्हणजे कामाची गाडी जाते आणि दारात भंगार राहते, हे आपल्याकडं गावोगाव झालेलं आहे.

पानावर बसून समजत नसेल तर ज्या गाड्यांबद्दल शंका आहे त्यांच्या चाब्या महिनाभर आईच्या डब्यात ठेवा. कोणी किती वेळा चाबी मागितली ते आई सांगेल. ती बोलत नाही म्हणता, पण तिला कोणी विचारलं का हेही तुम्ही लिहिलं नाही.

पण त्याच्याही आधी कागद. बाबांच्या नावावर कोणत्या गाड्या आहेत? मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असते आणि ३ महिन्यांच्या आत वारसानं फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. तुमचं पोळ्याच्या आधीचं आहे, म्हणजे मुदत कधीचीच गेली, आता दंड लागेल तो भरा पण यवतमाळच्या आरटीओत जाऊन हे पहिले उरका. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आणि बाकीच्या वारसांची नाहरकत लागते. बाकीचे वारस म्हणजे आई आणि भाऊ तर आहेतच, बहीण असेल तर तीही, लग्न होऊन गेली म्हणून तिची सही सोडून देऊ नका, नाही तर ऐन सौद्याच्या दिवशी तेच निघते. विम्यावरही वारसाचं नाव चढवून घ्या. बाबांच्या नावावरची गाडी तुम्ही विकूच शकत नाही, गिऱ्हाईक "चालते नं भाऊ, नाव मी पाहून घेतो" म्हणाला तरी नाही. आणि एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी नंबर प्लेट लागते, ती नसली तर नावबदलाचं काम अडते. दुचाकीला आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, कारला ७४५, वर जीएसटी. त्यामुळं विकायच्या गाडीलाही प्लेटचा खर्च धरा.

आता एकेक गाडी पाहू.

मारुती ८०० पासून सुरू करतो कारण भांडण तिथंच आहे. २००४ ची म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०१९ लाच भरली, तेव्हा ५ वर्षांसाठी वाढवून घेतली असली तरी ती मुदतही २०२४ मध्ये संपली. आता गाडी २० वर्षांच्या वर गेली, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फीच १०,००० रुपये आहे. त्यावर पर्यावरण कर, प्लेट, पीयूसी, आणि थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) २०९४ अधिक जीएसटी. एवढं करून फिटनेसमध्ये पास होईलच असं नाही. ही सगळी बेरीज एका कागदावर मांडा अन् भावाला व्हॉट्सॲपवर पाठवा, वर दोन ओळी लिहा की गाडी तुला पाहिजे असेल तर खर्च तुझा आणि गाडी पुण्याला तुझ्या सोसायटीत. जीव ज्याचा अडकला खर्चही त्यानंच उचलावा, मला तरी यात काही वावगं वाटत नाही. तो नाही म्हणाला, आणि बहुतेक तेच म्हणेल, तर गाडी गावातल्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळते आणि आरसी रीतसर रद्द करता येते. भंगारवाल्याकडं इंजिन अन् चेसी कुठं गेली हे कोणालाच कळत नाही आणि कागदावर मालक मात्र तुम्हीच राहता.

एम-८० ठेवा. तिला विकून काही मिळणार नाही अन् जागा तर बैलाएवढीही लागत नाही. रस्त्यावर काढायची नसेल तर तिच्यावर विमा-फीचा खर्च करायची गरज नाही, फक्त मग ती खरोखर रस्त्यावर काढू नका, पोट्टे लोक काढतात. टाकीतलं पेट्रोल काढून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येते, ते हवेतला ओलावा धरते, महिनोनमहिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप-वॉशर फुगतात. बाबांची एक वस्तू घरात राहिली की भावाचाही आवाज थोडा कमी होईल असा आपला अंदाज.

स्प्लेंडर आणि स्कूटी यांच्याबद्दल विचारायचंच नाही. स्कूटी विकायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका, पोराची शाळा, दवाखाना, बचत गटाची मीटिंग, बँक, यातलं काय काय त्या एका गाडीवर चालते ते पहिले बायकोला विचारा अन् मग त्या वहीत लिहा.

छोटा हत्ती आणि बोलेरो, या दोनपैकी एकच. इथं आकडे पाहिले की उजेड पडते. छोटा हत्ती मालवाहू गाडी, त्यामुळं त्याचा नुसता थर्ड पार्टी विमाच २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं वर्षाला १६,०४९ रुपये. फिटनेस गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, मग दरवर्षी. त्यावर तुमचा हप्ता. एवढं पोसायला ती गाडी रोज भाड्यावर पळाली पाहिजे, भाजीपाला, किराणा, कुटार, काहीतरी. ती तुमच्या घरी वर्षातून कापसाच्या दिवसांत तेवढी हलत असेल तर कापूस ट्रॉलीतही जिनिंगवर जाते, नाही तर भाड्याचा पिकअप करा, स्वस्त पडते. विकताना पहिले बँकेकडून आज एकरकमी किती भरायचे ते लेखी घ्या. गाडीचा भाव त्याहून कमी असेल तर थोडे हप्ते भरून मग विका, जास्त असेल तर लगेच. पैसे भरले की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. "हप्ते तू भर अन् गाडी तू चालव" असा तोंडी सौदा अजिबात करू नका, त्यानं हप्ते थकवले की बँकेची माणसं तुमच्याच दारात येतात.

बोलेरोचंही लाड करायचं कारण नाही. २००९ ची तुमची बोलेरो अडीच लिटर इंजिनाची, १५०० सीसीच्या वरची, म्हणून थर्ड पार्टीच ७८९७, जीएसटी धरून ९३०० च्या वर. पुढचं १५०० सीसीच्या आतलं मॉडेल असतं तर ३४१६ मध्ये काम झालं असतं. १५ वर्षं २०२४ मध्ये संपली, नूतनीकरण केलं नसेल तर ५००० फी आणि पर्यावरण कर. तरी पण घरात म्हातारी आई आहे, रात्री-बेरात्री यवतमाळ गाठायचं काम पडू शकते, पावसाळ्यात रस्त्याचे हाल तुम्हाला माहीतच आहेत, तर घरात एक चारचाकी असावी आणि ती हीच असावी. इंजिन ठीक असेल, चेसीला गंज नसेल तर ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्या. मेकॅनिकनं मोठं काम सांगितलं तर मात्र तिच्यात पैसा न ओतता, मारुती, हत्ती अन् बोलेरो तिन्ही काढून एक साधी सेकंड हँड छोटी कार घ्या. सोयरे नावं ठेवतील तर ठेवू द्या.

राहिले ट्रॅक्टर. इथं माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही पण सांगतो. मोठ्या ट्रॅक्टरचं तास दाखवणारं मीटर पाहा. १४ एकराची नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी, थोडी वाहतूक, हे सगळं मिळून शंभर-सव्वाशे तासांचं काम. तेवढ्यासाठी ४५ एचपी दारात बांधून ठेवायची गरज नाही, गावात भाड्यानं नांगरणारे पाच जण असतात. तुम्ही दुसऱ्याची कामं भाड्यानं करता का हे लिहिलं नाही. करत असाल तर वहीत भाडं किती झालं ते लिहू नका, हातात किती आलं ते लिहा. आपल्याकडं ट्रॅक्टरचं भाडं कापूस विकल्यावर देतो म्हणते, कापूस विकला की तूर विकल्यावर, अन् डिझेलवाला मात्र उधार देत नाही. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, ऑइल, टायर वजा करून हातात खरंच चार पैसे राहत असतील तर मोठा ठेवा. नाही तर तोच विका, आठही गाड्यांत सगळ्यात जास्त पैसा त्याचाच येईल आणि छोट्या हत्तीचं कर्ज त्यातून फिटू शकते. मात्र ट्रॅक्टर गेला तर ट्रॉली कशाला लावाल हेही पाहा, मिनी ट्रॅक्टर भरलेली मोठी ट्रॉली ओढणार नाही. ट्रॉलीचा नंबर अन् कागद वेगळे असतात, विकताना तेही विसरू नका. अनुदानावर घेतलेला असेल तर विकायच्या अटी कृषी कार्यालयात विचारून घ्या.

आणि वेचणीच्या बाया ट्रॉलीत बसवून नेणं हे सगळेच करतात, पण ट्रॉलीत माणसं बसवायला परवानगी नाही आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, भरपाई मालकाच्या वावरावर येते. विषय निघाला म्हणून सांगून ठेवलं.

मिनी ट्रॅक्टर की बैलजोडी? दोन्ही ठेवणं तुम्हाला परवडत नाही असं दिसते. मिनी ट्रॅक्टर कपाशीच्या दोन ओळींत चालायचा तर ओळीतलं अंतर त्याच्या मापाचं ठेवावं लागते, तुम्ही जुन्याच अंतरावर लावत असाल तर तो डवरणीला नुसता उभा राहील. बैलाचं असं की पावसानंतर आपल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालायला दोन-चार दिवस थांबावं लागते, बैल त्याच्या आधी वापशावर वावरात जातो, आणि पांदण रस्ता चिखलात बुडाला की मोटारसायकलच्या मडगार्डात गारा अडकून चाक जाम होते तेव्हा बंडीच जाते. पण बैलामागं माणूस लागते. गुढीपाडव्याला सालगडी बदलतात, तोवर तुमचा गडी पक्का झाला तर बैल ठेवा, मिनी विका. गडी मिळत नसेल, आणि आजकाल मिळत नाहीच, तर बैल चांगल्या घरी द्या अन् मिनी ठेवा. पांदण खडीकरण होऊन पक्की झाली असेल तर हा निर्णय आणखी सोपा.

विकायचा क्रम पण सांगतो. पहिले छोटा हत्ती कारण तो दर महिन्याला खातो. मग ट्रॅक्टर, जो कोणता विकायचा ठरेल तो, पेरणीच्या आधी एप्रिल-मे मध्ये काढा, तेव्हा ज्याला गरज असते तो घासाघीस कमी करते. मारुतीची घाई नाही, तिचा भाव आता आणखी पडायला काही उरलेलाच नाही. तोवर उभ्या गाड्यांच्या बॅटरीची वायर काढून ठेवा, हँडब्रेक ओढून ठेवू नका नाही तर ब्रेक जाम होतात, आणि बॉनेट अधूनमधून उघडा, निंबाखालच्या गाडीत उंदीर वायरिंग खातात अन् गिऱ्हाईक त्याचे पाच हजार कापते.

एक छोटी बचत. मालकाचा पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर प्रत्येक गाडीच्या पॉलिसीत लावायची गरज नाही, एका मालकाला १५ लाखांचं एक कव्हर पुरते. तुमच्या सगळ्या पॉलिस्या काढून पाहा, चार ठिकाणी पैसे कापले जात असतील.

प्रश्न : मी मूर्तिजापूर तालुक्यातला. तीन वर्षांपूर्वी माही जुनी मोटारसायकल बाजूच्या गावच्या ओळखीच्या माणसाले इकली, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, तो म्हणे नावावर करून घेतो. आता माह्या मोबाइलवर चालान येऊन रायले, ट्रिपल सीट, विदाऊट हेल्मेट. मी गाडी इकली हे स्टॅम्पवर हाये तरी मलेच काऊन पकडते?

उत्तर : कारण आरसीवर तुमचं नाव आहे. स्टॅम्प पेपर तुमच्या दोघांतला, आरटीओला त्याचं काही नाही. चालान तर छोटी गोष्ट आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये सांगून टाकलं की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक. त्यात तर कार विकून हातोहात पुढं गेली होती तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या पहिल्या मालकावर आली. तुमच्या गाडीनं उद्या कोणाला उडवलं, आणि तिचा विमा नसला, तर विचार करा.

आता करायचं काय, तर त्या माणसाच्या घरी जा, भांडू नका, त्याला गाडीवर बसवून सोबतच आरटीओत न्या. फॉर्म २९ तुम्ही द्यायचा, फॉर्म ३० दोघांनी मिळून. नियमानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं अन् घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, उशिराचा दंड कोण भरणार यावर वाद घालत बसू नका, तुम्हीच भरून मोकळे व्हा. तो गाडी पुढं विकून बसला असेल किंवा ऐकतच नसेल तर स्टॅम्पची झेरॉक्स जोडून आरटीओला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जुनी चालानं भरल्याशिवाय नावबदल पुढं सरकत नाही हेही ध्यानात ठेवा.

पुढच्या वेळी गाडी देताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स घ्या, आणि नावबदलाचा अर्ज ऑनलाइन चढल्याशिवाय दुसरी चाबी देऊ नका. दोन हजार कमी घ्या पण हे करा.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. घरी माझी स्कूटी आणि मिस्टरांची जुनी बाइक. ते म्हणतात दोन गाड्या कशाला, दोन्ही विकू आणि एक बुलेट घेऊ, मी तुला सोडून देत जाईन. काय करावं?

उत्तर : ताई, सोडून देत जाईन हे किती दिवस टिकते ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. स्कूटीची आरसी कोणाच्या नावावर आहे ते पाहा. तुमच्या नावावर असेल तर तुमच्या सहीशिवाय ती विकली जात नाही, सही करू नका, एवढंच. त्यांच्या नावावर असेल तर आताच तुमच्या नावावर करून घ्या. बुलेट घ्यायचीच असेल तर त्यांनी स्वतःची बाइक विकून घ्यावी. आणि त्यांना हेही सांगा की ७५ ते १५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टी ७१४ रुपये, बुलेटला १३६६, पेट्रोलचं तर विचारूच नका.

प्रश्न : चिखलीहून लिहितो. १० वर्षं जुनी कार विकून दुसरी घेऊन रायलो. एजंट म्हणे जुन्या गाडीचा ५० टक्के नो क्लेम बोनस गाडीसोबत गेला, नव्या मालकाले भेटला. खरं काय?

उत्तर : खोटं. नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकल्याचे कागद दाखवून विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मागा, ते ३ वर्षं चालते, तेवढ्यात दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत वापरा. सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. आणि विकायच्या आधी पॉलिसी संपून ९० दिवस उलटले असतील तर बोनस बुडाला, म्हणून गाडी विकायला काढली तरी विमा चालू ठेवा. पत्र एजंटमार्फत मागू नका, सरळ कंपनीच्या ऑफिसला किंवा कस्टमर केअरला मागा.